भांगाचे दिवस

एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम.
पाच आठवडे आकडा इथंच बसून आहे,
व्हिजिट व्हिसा संपला तरी
न हलणाऱ्या पाहुण्यासारखा.

पहिल्या चार महिन्यांत एकतीस किलो गेले.
कुठं गेले, विचारलंही नाही.
रोज पहाटे कानातले काढून, श्वास सोडून
काट्यावर चढायचे,
आणि हेमकांत फ्रिजवरच्या कॅलेंडरवर
पेन्सिलीनं आकडा लिहायचा.
ऑफिसात बद्रिया म्हणायची, अर्धी झालीस, माशाअल्लाह,
उरलेली अर्धी कुठं ठेवलीस?
आता तो आकडा लिहीत नाही.
चौकटीत दोन स्वल्पविराम देतो:
वरीलप्रमाणे.

वीस वर्षं मी टायरच्या गोदामात हिशेब लिहिते,
मेळ न बसणं मला सहन होत नाही.
जमेला नीरजच्या उष्टावणाची चांदीची वाटी,
तिच्यात मावेल तेवढं मुगाचं वरण,
सुरमईचा बोटभर तुकडा,
तोही बत्तीस वेळा चावून.
खर्ची पडतात रोजचे सहा किलोमीटर.
तरी शिल्लक तीच.
असं खातं घेऊन कुणी माझ्या टेबलाशी आलं असतं
तर मी म्हटलं असतं, कुणीतरी चोरतंय.

"चोरतंय कोण?" डॉक्टर बुथैना हसल्या.
"पोट कापलं हे तुम्हाला माहीत, शरीराला नाही.
त्याला वाटतंय दुष्काळ पडलाय,
म्हणून ते आहे तेवढं गाठीला मारून बसलंय."
त्या इंग्रजीतच बोलल्या.
मला मात्र असं ऐकू आलं.

रुवीतल्या शफीकुलला मी एकच मराठी शब्द शिकवलाय: माया.
शिवणीच्या आत दुमडून ठेवतात
ते जास्तीचं कापड.
फेब्रुवारीत अबोली कुर्ता आत घ्यायला दिला,
म्हटलं, माया कापून टाक, आता लागणार नाही.
त्यानं मशीन थांबवलं, दोन बोटं दाखवली,
"इतनी माया रहने दो, मॅडम."
मी भांडले. घरी येऊन रडलेही.
मी परत फुगणार
हे एका शिंप्यालाही ठाऊक!

जूनमध्ये साडेचारलाच चालायला निघावं लागतं.
कुरमच्या किनाऱ्यावर हवा
ओल्या टॉवेलसारखी तोंडावर.
एक म्हातारा ओमानी वाळूत जाळं पसरून बसलेला,
समुद्राकडं पाठ करून.
पाण्याची ओली रेघ कालच्याच जागी.
वर बघितलं,
चंद्र अर्धा.

आबा आठवले.
रेवदंड्याला अष्टमीच्या आसपास ते डोल काढून ठेवायचे.
भांग लागला, म्हणायचे.
पाणी ना धड चढत, ना धड उतरत.
आई डबे आपटायची, घरात मीठसुद्धा उधारीचं.
आबा ओट्यावर फाटकं जाळं विणत,
कानावर विझलेली विडी:
"भांगाला शिव्या देऊन उधाण येतं होय?"
मला तेव्हा ते आळशी वाटायचे.
शाळेत कुणी विचारलं तर सांगायचे,
वडील समुद्रावर गेलेत.

घरी येऊन काट्यावर चढले.
एक्क्याण्णव सहाशे.
उलट दोनशे वाढलेच.
मग घामानं भिजलेला कुर्ता
उलटा करून वाळत घालताना
माया दिसली.
बाहेरची अबोली उन्हानं विटलेली,
आत दोन बोटं रंग,
कापड आणलं त्या दिवसाचा.

हेमकांत पेन्सिल घेऊन उभा.
काय लिहू?
लिही, म्हटलं, अष्टमी.
आणि वाटी घासून कुठं ठेवलीयस ती दे,
भूक लागलीय.