डाव्या बाजूचा आरसा

रुस्तावीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात
ओतारचं दुकान म्हणजे एक निळ्या पुठ्ठ्याची वही,
तेलकट बोटांनी पानं आरपार झालेली.
तीत माणसांना नावं नाहीत:
'ओपेलवाला लंगडा', 'ती भांडणारी', 'गोरीचा, उधार'.
आणि तरी सगळं सापडायचं,
ओतार जागा असेपर्यंत.

मी पिक्रिया. वय एक्केचाळीस.
मंगळवारी नि शुक्रवारी, संध्याकाळी सहाला,
शाळेच्या रिकाम्या वर्गात, पोरांच्या बाकावर गुडघे दुमडून
डेटाबेस शिकते.
इनेझा बाई म्हणतात, आधी संगणक बंद करा.
दुकानात जाऊन उभं राहा.
काय विकता ते विचारू नका,
काय हरवतं ते विचारा.

मी विचारलं. ओतार म्हणाला, झोप.
मग म्हणाला, कोण उधारी बुडवणार, ते सांगेल का तुझं हे?
आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, मी म्हटलं.

पहिला तक्ता मी एकच केला, लांबच्या लांब:
गिऱ्हाईक, फोन, गाडी, भाग एक, भाग दोन, भाग तीन.
चौथा भाग मागणारा माणूस
दुसऱ्याच दिवशी दारात.
तोडा, बाई म्हणाल्या.
गोष्ट एकदाच लिहायची, तिच्या घरी.
बाकीच्यांनी तिकडे फक्त बोट दाखवायचं.

एक दरवाजा तीन गाड्यांना बसतो,
एका गाडीला चार दरवाजे.
हे मला दोन रात्री उलगडेना.
तिसऱ्या रात्री भांडी घासताना कळलं,
मधे एक तक्ता लागतो
ज्याच्याजवळ स्वतःचं असं काही नसतं,
कोण कोणाला बसतं एवढंच ठाऊक असतं.
माझी आत्या लामारा अशी होती.

किल्ली कशाची करायची, यावर ओतारशी वाजलं.
नावाची कर. सात गिओर्गी आहेत.
फोनची कर. फोन बदलतो.
शेवटी मी प्रत्येकाला एक आकडा दिला, काहीच न सांगणारा.
ओतारला तो गिऱ्हाइकांचा अपमान वाटला.
'ओपेलवाला लंगडा' झाला दोनशे चौदा.

नोव्हेंबरात दोनशे चौदा गेला.
बादुरी. हे नाव मला
फॉर्म भरताना कळलं होतं, ओतारला
दफनभूमीत.

काढून टाक, तो म्हणाला, जागा कशाला अडवायची.
मी डिलीट दाबलं.
ऐकेना:
या नोंदीवर अकरा नोंदी अवलंबून आहेत.
नियम माझाच होता,
गेल्या शुक्रवारी घातलेला, मार्कांसाठी.

ओतारने चष्मा लावला.
क्लचची तार. वायपर. डाव्या बाजूचा आरसा.
डाव्या बाजूचा आरसा.
बॅटरी, जुनी. डाव्या बाजूचा आरसा.
पाच वर्षांत पाच.
"गल्ली अरुंद त्याची," ओतार म्हणाला,
"आणि समोरचा झाड कापू देईना."
शेवटच्या ओळीत: चाळीस लारी, उधार.
पुढचा रकाना, 'कसे मिटले', मोकळा.

'माफ' लिहू?
मी कुठे माफ केलेत.
मग 'बुडाले'?
बादुरी बुडवणारा नव्हता.
शून्य टाकू?
शून्य म्हणजे दिले. त्याने दिले नाहीत.
मग काय लिहू, ओतार?
राहू दे.

बाईंनी हे फळ्यावर लिहिलं होतं, पहिल्याच आठवड्यात:
रिकामं म्हणजे शून्य नव्हे,
रिकामं म्हणजे ठाऊक नाही.
सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीही.

संध्याकाळी महिन्याचा अहवाल छापला.
येणे बाकी: दोनशे चौदा, चाळीस लारी.
ओतारने तो निळ्या वहीत घडी करून ठेवला
आणि बाहेर गेला,
कोणी तरी बंपरसाठी हॉर्न वाजवत होतं.