कानाडोळा

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटच्या टोकाला
माझं औषधांचं दुकान.
पलीकडे माशांना धुरी देणारी भट्टी;
वारा फिरला की बंद पाकिटांनाही हॅडकचा वास.
मी देवगडची. मला त्याचं काही वाटत नाही.

रेमंड ब्लँचर्ड पहिल्यांदा आले तेव्हा
घास चावताना जबडा धरत होता,
कानशिलावरची शीर दोरखंडासारखी वर आलेली,
आणि एका डोळ्यापुढे, म्हणाले,
कोणीतरी जाळं टाकून ओढून घेतंय.
त्याच संध्याकाळी चिठ्ठी आली. प्रेडनिसोलोन.
बारा लाल गोळ्या, रोज सकाळी, न्याहारीसोबत.
मी पाठ असलेलं म्हटलं:
एकाएकी थांबवू नका, निळं कार्ड खिशात ठेवा.
"पोरी, चाळीस वर्षं ट्रॉलरवर काढली,
खिशात काय ठेवायचं ते मला नको सांगूस."
आणि ठेवलं.

डोळा वाचला.

मग बाराच्या दहा, दहाच्या सात,
शीर पुन्हा उठली की पुन्हा दहा.
नऊ वर्षं मी ही भरती-ओहोटी
लेबलांवर छापत राहिले.
तोंड गरगरीत झालं. डोरीन म्हणायची,
"लग्नातसुद्धा इतका गुबगुबीत नव्हता!"
हातांवर जांभळे डाग, कातडी कांद्याच्या पापुद्र्याची;
सुटे पैसे देताना
माझं नख लागू नये म्हणून मी जपायची.
म्हणजे मला दिसत होतं.
आणि दर महिन्याला मी पिशवीत पत्रक घालत होते,
आठ घड्यांचं, मुंगीएवढ्या अक्षरांचं:
हाडं, साखर, झोप, मोतीबिंदू.

एकदा कानाच्या वरच्या कडेला खपली दिसली.
"वाऱ्याने फुटलंय," म्हणाले.
मी व्हॅसलीन दिलं.
सहा आठवड्यांनी पुन्हा दिलं.
तिसऱ्यांदा आले तेव्हा कॉलरवर रक्त होतं.

रात्री मी वाचत बसले.
काही अभ्यास म्हणतात, स्टिरॉइडने
शरीराचा पहारेकरी पेंगतो, आणि कातडीत चोर शिरतो.
काही म्हणतात, पुरावा तोकडा आहे.
आणि ते ऊन? आइसलँडकडच्या पाण्यावरून
उलटून टोपीखाली घुसणारं, चाळीस उन्हाळ्यांचं?
हा कान कोणाच्या नावावर मांडायचा?
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा थोडा सगळ्यांच्याच.
ही वाटणी मला पटत नाही.
दुसरी सुचत नाही.
काट्याने काटा काढायला शिकलो आपण;
काढणारा काटा नंतर कुठे ठेवायचा
हे कोणी शिकवलं नाही.

आज ते आले. केकचा कापावा तसा
कानाचा त्रिकोणी तुकडा गेलेला.
वाचलेल्या डोळ्याचा चष्मा
त्या बाजूला टेकायला जागाच नाही.
जाळ्याच्या हिरव्या दोऱ्याने
तो त्यांनी डोक्यामागे बांधलाय.
"गाठ बघ," म्हणाले. "मी सुटेन, ही नाही सुटणार."

आमच्याकडे म्हणतात, जिवावरचं शेपटावर निभावलं.
इंग्रजीत सांगायला गेले, आणि शेपटाशी अडले.
खूप हसले. "असतं तर तेही दिलं असतं."

आमच्याकडे आणखी एक शब्द आहे.
कान आणि डोळा, शेजारी शेजारी.
तो मी सांगितला नाही.
व्हॅसलीनच्या त्या दोन डब्यांइतका
तो माझाच आहे.

मग त्यांनी सनक्रीम मागितलं. पन्नास नंबरचं.
नोव्हेंबर. बाहेर चार वाजताच दिवे लागलेले.
कपाटाच्या तळातून शोधून काढलं, तारीख पाहिली,
धूळ पुसली.
चार पांढऱ्या गोळ्या अजून रोज चालूच आहेत;
त्या पिशवीत टाकल्या, पत्रक टाकलं,
परत काढलं,
आठही घड्या उलगडून काउंटरवर तळहाताने सपाट केल्या.
मागे रांगेत पाच माणसं होती.
"बसा," म्हटलं. "चष्मा नीट करा."