हँडब्रेक

आइसलँडहून परत येऊन आज नववा दिवस
आणि मला पलंगावर झोप लागत नाही.
पलंग सहा बाय साडेसहा, पंखा, मच्छरदाणी,
खिडकीतून पाथर्डी फाट्याचा उजेड,
सगळं जागच्या जागी. तेच खुपतंय.

तिकडे दहा रात्री आम्ही दोघं एका डब्यात झोपलो.
डबाच तो. मागे गादी, गादीखाली भांडी,
भांड्यांत भाजणी, मेतकूट,
आणि एक हीटर, दर वीस मिनिटांनी
आमच्या वडिलांसारखा खाकरणारा.
गाडी देणाऱ्या पोरानं एकच गोष्ट तीनदा बजावली:
दार दोन्ही हातांनी धरून उघडा,
वारा बिजागरीसकट नेतो.
कुंदानं ते इतकं मनावर घेतलंय
की अजून फ्रिजसुद्धा दोन्ही हातांनी उघडते.

बत्तीस वर्षं मी एकलहऱ्याला बॉयलरवर काढली.
वाफ म्हणजे काय ते मला विचारा.
वाघिणी भरभरून कोळसा, राख, रात्रपाळ्या,
गेजच्या काट्याला खिळलेले डोळे,
तेव्हा कुठे ती येते, तीही नखरे करत.
आणि तिथे, रस्त्याकडेच्या कुरणात,
मेंढ्या चरत होत्या त्याच्या जरा पलीकडे,
जमीन आपली उगीच वाफ सोडत बसलेली.
ना चिमणी, ना सुपरवायझर.
मी गाडी थांबवली, उतरलो
(दार दोन्ही हातांनी)
आणि टोपी काढली.
कुणापुढे, माहीत नाही.
कुंदा म्हणाली, सडक्या अंड्यांचा वास येतोय, चला.

रात्र अशी नव्हतीच. अकराला ऊन, एकला संधिप्रकाश.
चहूकडे काळा दगड, त्यावर घोटाभर शेवाळ,
जणू कुणी तापातल्या माणसाला गोधडी पांघरलीय.
पडदे ओढून आम्ही हातभर अंतरावर पडायचो.
इथे तिची खोली वेगळी, टीव्ही वेगळा,
माझ्या घोरण्यामुळे, असं आम्ही लोकांना सांगतो.
तिथे वेगळं कुठे जाणार? बाहेर वारा.
मग ती बोलायची. काय काय.
एकोणनव्वद साली पोटातच गेलेल्या मुलाला
तिनं मनातल्या मनात नाव ठेवलं होतं,
हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं,
एका पेट्रोल पंपामागे,
पाऊस आडवा पडत असताना.
नाव मी इथे लिहीत नाही.
आणि झोपताना रोज तोच प्रश्न:
अहो, हँडब्रेक ओढलात ना?

काल रात्री उशी घेऊन खाली पार्किंगमध्ये गेलो.
आपल्या ईकोची मागची सीट पाडली.
वॉचमन तुळशीराम बेंडकोळी टॉर्च मारत आला.
"साहेब, भांडण?"
म्हटलं, नाही रे. प्रवास.
त्यानं समजल्यासारखी मान डोलावली
आणि डासांची कॉइल लावून दिली.

पाचच्या सुमारास दार सरकलं.
कुंदा, थर्मास, शाल.
"लिफ्ट बंद आहे," एवढंच म्हणाली.
जिने उतरल्यानं धाप लागली होती.
मी गाडी काढली ती त्र्यंबक रस्त्याला.

अंजनेरीच्या पायथ्याशी उजाडलं.
काळा कडा, थरावर थर,
दर थर म्हणजे कधीतरी वाहत आलेला एकेक लोंढा,
इथे, नाशिकभर, जमीन फाटून.
तो विझून किती कोटी वर्षं झाली
ते आमची ऋजुता सांगते, मला आकडा राहत नाही.
पायाशी एक दगड, भोकाभोकांचा,
एका भोकात डाळीएवढा पांढरा स्फटिक.
मी हाताची पालथी बाजू लावून पाहिली.
बॉयलरवरची सवय आहे:
थंड झाला म्हणतात त्यालाही तळवा लावायचा नसतो.

थंडच होता.
तरी थोडा वेळ हात तसाच ठेवला.

गाडीत येऊन बसलो. जागा उताराची.
आता विचारेल म्हणून थांबलो.
तिनं विचारलं नाही.
वाकून स्वतःच ओढला, करकरला तो,
आणि मग चहात बिस्कीट बुडवलं.