ओल

गडावर जायला रिक्षा मिळते, पण मी चालत गेलो.
फरशा इतक्या गुळगुळीत
की उतारावर शेळीसुद्धा जपून पाय टाकत होती.
चौथ्या दरवाजाच्या आत लगेच गाव सुरू होतं:
पिठाची गिरणी, टेलर, मोबाइलची कव्हरं,
तोफेच्या तोंडात कुणीतरी खोचून ठेवलेली केरसुणी.

देवळात पट्टा काढून ठेवावा लागला, चामड्याचा.
एका हातानं पँट सावरत मी तीर्थंकर पाहिले,
ओळीनं बसलेले, सगळ्यांचे डोळे उघडे.
वाटलं, हसतील.
पुजारी गंध उगाळत होता.
बोट वाटीत बुडवून आधी थेंब नुसता धरून ठेवायचा,
मग सहाणेवर सोडायचा.

हवेली खाली बाजारात. तिकीट पन्नास रुपये.
मालक कोलकात्याला, चाव्या हासम सिलावटच्या कमरेला.
सिलावट म्हणजे पाथरवट.
ही भिंत त्याच्या पणज्याच्या छिन्नीची, म्हणून
जिना चढताना तो कठड्याला हात लावत नाही, आणि मलाही लावू देत नाही.
"ही जाळी बघा. ही पण. आता ही."
तिसऱ्या मजल्यावरच्या झरोक्यात
नक्षी अर्ध्यावर थांबते.
वेल चढते, कळीपर्यंत येते,
पुढे सपाट दगड, त्यावर गेरूच्या विटलेल्या रेघा.

"शेठचे पैसे संपले?"
सगळे हेच विचारतात, असं त्याचं तोंड झालं.
"पैसे होते. पाणी संपलं.
दगड भिजवल्याशिवाय बारीक काम होत नाही, साहेब,
कोरड्याचे कपचे उडतात.
छप्पनच्या दुष्काळात माणशी एक लोटा, दिवसाला.
पणज्यानं ठरवलं, प्यायचं."
मग मोबाइल वाजला, आणि तो बराच वेळ
कुणाशी तरी कूलरच्या मोटरबद्दल बोलत राहिला.

मी उतरलो होतो गवरजा पुरोहितांकडे,
बुरुजाला चिकटलेली खोली, रात्रीचे सातशे.
त्यांचं बालपण घागरीखाली गेलं:
तळ्यापासून गडापर्यंत रोज चार खेपा.
भांडी राखेनं घासायची आणि पुसायची, धुवायची नाहीत.
आंघोळ खाटेवर बसून, खाली परात,
परातीतलं पाणी उंटाला.
मग नळ आला. सून आली. फ्लश आला.
पाहुणे आले, दिवसातून दोनदा शॉवर घेणारे.
(मीही घेतला होता, सकाळी.)

"हे बघा," म्हणाल्या, आणि खाटेमागचा पडदा सारला.
ओल.
खालून वर चढलेली, कडेनं पांढरी फुललेली,
आपल्याकडे जुलैत कपाटामागे सापडते तीच.
इथे, या उन्हात, मला ती चटकन ओळखू आली नाही.

"चुना न लावता दगडात दगड अडकवून
ज्यांनी हे उभं केलं, त्यांनी
तोफा मोजल्या, शिड्या मोजल्या, आत किती महिने धान्य पुरेल ते मोजलं.
पाणी जास्त होईल,
हे कुणाच्या डोक्यात यायला हवं होतं?
खालची माती फुगते, मग बसते.
शेजारचा बुरुज गेला ना, दिवाळीआधी."
सुरात तक्रार नव्हती. सासरच्या एखाद्या
हट्टी म्हाताऱ्याबद्दल बोलावं, तसं बोलत होत्या.

भेगेवर आडवी काचेची पट्टी, बोटाएवढी,
दोन्ही टोकांना सिमेंट, खाली पेनानं तारीख.
सरकारी माणूस लावून गेला:
भेग वाढली तर काच तुटेल, तुटली की कळवा.
गवरजा उठल्यावर आधी काच बघतात, मग देव.
नातीनं त्या पट्टीवर एक लाल टिकली लावली आहे,
बरोबर मधोमध,
कपाळ असावं तशी.

रात्री दात घासताना नळ सोडला आणि लगेच बंद केला.
भिंतीपलीकडे कुठेतरी थेंब पडत होता.
मोजायला लागलो.
एकशे बाराच्या पुढचं आठवत नाही.