वळचण

सान तिर्सोच्या देवळाचं छप्पर जाऊन दोनशे वर्षं झाली.
कुठल्या वादळात गेलं, कुणी लिहून ठेवलं नाही.
आम्ही आलो तेव्हा आत नेचे होते, एक शेळी होती,
आणि भिंतींच्या सांध्यांत पूर्वी कुणीतरी
भल्या मनानं भरलेलं सिमेंट.

पहिला उन्हाळा ते उकरण्यात गेला.
एलादियो दातांच्या डॉक्टरसारखा बसायचा,
हातोडी लहान, जीभ ओठांच्या कोपऱ्यात.
दगडाला श्वास घ्यायला चुना लागतो, म्हणायचा,
सिमेंट म्हणजे तोंडावर दाबलेला हात.

जुनं ते जुनं दिसावं, नवं ते नवं,
आणि नवं कधीही सोडवून नेता यावं.
म्हणून आन्तीयानं दगडाची कमान मागितलीच नाही.
बंदरावर गेली, जाळी विणणाऱ्या बायकांकडे,
आणि कागदावर एक नसलेलं छप्पर काढून दाखवलं.

दोसिंदा, वय एकोणऐंशी, हसली.
"जन्मभर मासे धरले. आता हवा धरायची?"
तरी सुई उचलली.
दर वावाला दराची घासाघीस.

मग उत्तरेच्या भिंतीबाहेर, हातभर खोल,
माझ्या ब्रशला लागलं काहीतरी
शिंपल्याइतकं पातळ.
कवटी होती. शेजारी आणखी एक.
भिंतीपासून सारख्याच अंतरावर, ओळीनं, अकरा.
सगळ्यांत मोठं माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत.

मी वहीत लिहिलं: अर्भकं. जागेचं कारण अज्ञात.

"अज्ञात कसलं?" दोसिंदा खड्ड्यात वाकून म्हणाली.
"बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं ही.
दफनभूमीत जागा नाही, आत तर नाहीच.
मग आया रात्री येऊन वळचणीला पुरायच्या.
देवळावरची पागोळी अंगावर पडली
की झाला बाप्तिस्मा,
पाद्री झोपलेला का असेना."

थांबली. चष्मा पुसला.
"छप्पर गेल्यावरही पुरत राहिल्या. सवयीनं.
माझ्या आईनंसुद्धा."

आन्तीयानं नकाशा उलगडला,
उत्तरेची कड रबरानं पुसली,
दीड हात पुढे ओढली.
त्या वाढीव जाळ्याचे दोसिंदानं पैसे लावले नाहीत.
आख्ख्या हिशेबात तेवढीच एक सूट.

हाडं मोजून, मापून, आम्ही परत
जिथल्या तिथं मातीत ठेवली.
ऑक्टोबरात जाळं चढलं. मेयर बोलला. जेवण झालं.

दुसऱ्या पहाटे मी गाठी तपासायला गेले.
पाऊस नव्हता. समुद्रावरून आलेलं धुकं
जाळ्यात अडकलं होतं,
गाठीगाठीशी फुगत, उतारानं सरकत
उत्तरेच्या कडेला येऊन
टप्.
मग बऱ्याच वेळानं, टप्.

खाली एक रेघ भिजली होती, वीतभर रुंद.
दोसिंदा माझ्याआधीच आलेली,
छत्री मिटलेली, ओठ हलत होते.
काय नाव ठेवलं
ते मी नोंदवलेलं नाही.