तावदानं

किहेलकोन्नाच्या रस्त्यावर माझी टपालगाडी थांबते
तेव्हा हेल्वे बहुधा पावसाला शिव्या देत असते.
सारेमा बेटावर पावसाला शिव्या देणं
म्हणजे समुद्राला खारट म्हणणं.
तरी ती देते.

चार विटांवर खिडकीची जुनी तावदानं,
खाली चुनखडीचा चुरा, वाळू, मूठभर माती.
"माती फार नको. लाड झाले की कुजतात."
जून ते सप्टेंबर आत थेंब जाता कामा नये.
लोक फुलांना पाणी घालतात,
ही बाई चार महिने पाणी अडवत बसते.

अलास्काच्या आयरिसला आंबट माती लागते,
तिच्यासाठी दलदलीतलं काळं पीट पोत्यानं येतं.
नळाचं पाणी चालत नाही, त्यात चुना.
म्हणून तिच्यासाठी पाऊस पिंपात साठवायचा
आणि दोन पावलांवर हाच पाऊस परतवायचा.
अल्जीरियाची एक होती. दोन हिवाळे नुसती पानं,
तिसऱ्यात तीही नाहीत.
"नव्हतं तिच्या मनात," हेल्वे म्हणाली,
आणि तिची पाटी उपटून टोमॅटोला लावली.
ओढ्याकाठची निळी तर इथलीच.
माजते गवतासारखी, गाय तोंड लावत नाही,
हेल्वे वळून पाहत नाही.

तावदानाखालची जॉर्जियाची.
तिकडच्या कोरड्या टेकड्यांवरून बाद्री नावाचा कुणी
काडेपेटीत, कापसात बिया पाठवतो.
प्रत्येक बीला पांढरी गळपट्टी, मुंग्यांना आवडणारी.
"टेकडीवर मुंग्या हमाली करतात," ती मला म्हणते,
"पुढची तू करतेस."
मग वाट बघायची. एक वर्ष, तीन, एकदा सात.
एका कुंडीवरची तारीख
तिचा नवरा होता तेव्हाची आहे.

पत्रं रशियनमध्ये. दोघांना शाळेत दामटून शिकवलेली,
दोघांनी पुढे टाकून दिलेली भाषा;
आता तिच्यात फक्त बुरशी, मुळं
आणि तुमची तब्येत कशी आहे, एवढंच उरलंय.

परवाच्या जुलैत हेल्वेचा खुबा मोडला.
कुरेसारेच्या इस्पितळातून फोन: तावदानं.
मला जायला तिसरा दिवस उजाडला.
वाऱ्यानं एक काच गूजबेरीच्या झुडपात फेकली होती.
गड्डा बोटानं दाबला,
पिकल्या केळ्यासारखा आत गेला.
मी सांगितलं. ती छताकडे बघत राहिली.
"किती?"
"नऊ."
"मागच्या ओळीतले?"
"तेही."

तिनं लिहिलं, मी नेलं.
उत्तर आलं नोव्हेंबरात, पाकीट ओलं.
तिनं वाचून दाखवलं, अडखळत, उलटं करून:
उतारावर कुणीतरी नांगर फिरवला, आता तिथे गहू.
माझ्याकडेही बी उरलं नाही.
पण बदल्यात काही द्यावं म्हणून तू पाठवली होतीस ना,
ती निळी, ती विहिरीशी फुटक्या टबात आहे.
मे महिन्यापासून रोज दोन बादल्या.
शेजारी हसतात, द्राक्षं तहानलेली
आणि हा गवताला पाजतोय.
सात फुलं आली.

हेल्वेनं पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली.
"रोज दोन बादल्या," ती म्हणाली.
"वयानं माझ्याएवढाच असेल तो."

यंदा बर्फ गेल्यावर काठी टेकत ओढ्यापर्यंत आली.
निळीचे कोंब वीतभर, कुणी न सांगता.
उभी राहिली. माझं उरलेलं टपाल गाडीत थांबून होतं.
परतताना म्हणाली, ती काच आण,
गूजबेरीतली, आणि वाफ्यावर ठेव.
"आत काही नाही, हेल्वे."
"मला माहीत आहे," ती म्हणाली.
"पावसाला सांगू नकोस."