मेंडिंग खात्यातली नजर

गड्ड्याची यात्रा सरली, पाळणे उतरले,
नान्नजच्या बागा एकेक करून मोकळ्या झाल्या,
तळ्याकडच्या चार ओळी तेवढ्या राहिल्या,
कारण आधी क्रेट आले नाहीत, मग ट्रक आला नाही,
मग रेवणसिद्ध म्हणाला, राहू दे आठ दिवस,
साखर वाढेल.

साखर वाढली. धुकंही वाढलं.
आमच्याकडे धुकं म्हणजे उंबऱ्यातूनच परतणारा पाहुणा.
यंदा तो रोज पहाटे तळ्यावरून उठून
वेलींच्या मांडवाखाली येऊन बसला
आणि ऊन चढेस्तोवर हललाच नाही.
दुपारी पुन्हा आपली नेहमीची भट्टी,
पाचोळा पायाखाली पापडासारखा.

अकराव्या दिवशी मणी जांभळट, तपकिरी,
साल सुरकुतलेली, वर राख भुरभुरल्यासारखी.
रेवणसिद्धची नजर फवाऱ्याच्या टाकीकडे.
भुरी का?
भुरी नाही.
मग?
मी पुस्तकातलं नाव सांगितलं.
त्यात 'उमदी' असा शब्द होता.
सडण्यात उमदं काय असतंय, म्हणाला,
पण पंपाचं बटण दाबलं नाही.

तेव्हा नागमणी येमूल पुढे झाली.
एकोणीस वर्षं चादरीच्या गिरणीत, मेंडिंग खात्यात:
खाली दिवा, वर काच, काचेवरून सरकणारं कापड,
त्यातली चूक थांबवायची, कापड नाही.
गिरणी बंद झाली. कात्री तिच्याकडेच राहिली.
त्याच कात्रीनं तिनं एक मणी सोडवला,
नाकाशी धरला, तोंडात टाकला.
आम्ही दोघं तिच्या गालाकडे बघत उभे.
तिय्यगा उंदी, ती म्हणाली,
आणि बी थुंकून दुसरा घेतला.

नऊ दिवस बायका फक्त मणी वेचत होत्या, घड नाही.
आंबट वास आला की बांधावर.
चिलट बसलेलं दिसलं की बांधावर.
हिरवी बुरशी, काळी बुरशी, फुटलेलं,
आणि करडी राख मात्र जपून, अंडं उचलावं तशी.
शिकाऊ पोरींना दोन्ही सारखंच वाटे.
नागमणी म्हणे, उजेडावर धर गं,
कुजलेलं अंधारं दिसतं,
हे दिसत नाही.

चार ओळींचा रस रात्रभर गळत राहिला,
काकवीसारखा, थेंबाला थेंब धरून.
एक बुधला भरला. पुरता नाही, गळ्याच्या खाली चार बोटं.
मग तो आपल्या गतीनं आंबू लागला:
एक बुडबुडा, मग इतका वेळ काही नाही
की मी वही मिटून चहा प्यायला जाई.
चैत्र आला, पारा बेचाळीसवर,
शेडमधला कूलर दोनदा जळला.
नागमणीनं घरून चादर आणली, पाण्यात बुडवली,
बुधल्याला गुंडाळली, आजाऱ्याला लपेटावं तशी.

चादरीवर मोरांची रांग.
एका मोराची मान भलतीकडे वळलेली.
ही गाठ दिसली होती मला, ती म्हणाली,
सोडली.
का, ते मी विचारलं नाही.
ती चादर ओली करत राहिली, दिवसातून सहा वेळा,
सुटीच्या दिवशीसुद्धा.

साखर उरलेली असतानाच बुडबुडे थांबले.
सदतीस बाटल्या, त्याही अर्ध्या.
रंग जुन्या पितळेचा.
नागमणी पीत नाही. तिनं करंगळी बुडवली,
जिभेला लावली आणि बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, मध, जर्दाळू असलं काहीतरी,
आणि मागनं ओल्या सुताचा वास.
मी वहीत तेच लिहिलं. खोडलं नाही.

यंदा धुकं नाही.
रेवणसिद्ध पहाटे पाचला तळ्याकडे तोंड करून उभा,
हातात बॅटरी, कानाला मफलर,
पाण्यावर नुसत्या टिटव्या.
औषध मारू नका म्हणून पाटी लावलीय त्यानं,
चार ओळींना स्वतंत्र कुंपण घातलंय,
ट्रक तर आठवडाभर आधीच दारात आणून ठेवलाय.
कसं बोलवायचं गं त्याला, त्यानं विचारलं.
नागमणी भाकरीवर शेंगाची चटणी पसरत होती.
आधी तो ट्रक घालवा, म्हणाली.